मोनास्ट्रेलची चौथी ओळ

चौगुले सरांना वाईनचा एक थेंबही घेताना मी कधी पाहिलं नाही, आणि वाईनच्या द्राक्षाबद्दल त्यांच्याइतकं बोलणारा माणूसही दुसरा पाहिला नाही. ते सांगलीकडचे, जैन. दारू नाही, मध नाही, कांदा-बटाटा नाही, दिवस मावळल्यावर अन्नाचा कण नाही. असा माणूस न्यूझीलंडमध्ये हॉक्स बेच्या एका वायनरीत गाईड म्हणून नोकरीला होता. आलेल्या पाहुण्यांचे ग्लास भरायचे आणि कुठल्या द्राक्षाची काय खासियत ते सांगायचं, हे त्यांचं काम. ही गंमत ज्या कोणाला सुचली असेल त्याच्या विनोदबुद्धीबद्दल मला तरी आदर नाही.

आमची ओळख झाली ती आमच्याच घरी, गुढीपाडव्याला. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. हेस्टिंग्जमध्ये तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. मी एका फार्मसीत, नवरा फळं डबाबंद करायच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि आमचं घर जरा ऐसपैस म्हणून सगळे सण आमच्या गळ्यात. पाडवा तिकडे ऐन द्राक्षांच्या दिवसांत येतो. शेजारच्या बाईंनी त्यांच्या मांडवावरची काळी द्राक्षं दिली होती, ती मी मोठ्या कौतुकाने ताटात मांडली. नवीनच आलेल्या एका उंच, काटकुळ्या गृहस्थांनी त्यातलं एक तोंडात टाकलं, बराच वेळ चावलं आणि बिया तळहातावर काढून उजेडात धरल्या. सगळे बघत राहिले. मग ते मला म्हणाले, "घाई केलीत. बी हिरवं आहे अजून."

ना ओळख ना पाळख. मी म्हटलं, द्राक्षं शेजारणीची आहेत, तिला जाऊन सांगा. तर गृहस्थ खरोखरच जँडल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला, पायात अडकवून निघाले. त्यांच्या पत्नीने, सुनंदाताईंनी, दारातच अडवलं म्हणून आमचा शेजार टिकला.

ते बी बघणं हा त्यांचा श्वासच होता. सुपरमार्केटात गेले की द्राक्षांच्या पिशवीतलं एक द्राक्ष तोंडात जायचं आणि बिनबियांचं निघालं की कपाळाला आठ्या पडायच्या. ज्या तालुक्याने बिनबियांच्या द्राक्षांवर बंगले बांधले त्या तालुक्यातला हा माणूस, पण त्याला त्या द्राक्षांचा मनापासून तिटकारा. "बीच नाही तर विचारायचं कुणाला?" असं म्हणायचे. रंग आधी येतो, साखरही आधी भरते, पण बी तपकिरी होऊन दाताखाली कुडुमकुडुम वाजल्याशिवाय द्राक्ष पिकलं असं म्हणायचं नाही, हा त्यांचा कायदा. त्यांनी तो माणसांनाही लावला. आमच्या मंडळातला एक आयटीवाला पोरगा घर घेतल्याचे पेढे वाटत होता, तर सर त्याच्या देखत मला म्हणाले, "रंग आलाय. बी बघायला पाहिजे." तो पोरगा पुन्हा त्यांच्याशी बोलला नाही, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

सर गावाकडे कृषी महाविद्यालयात शिकवत होते. तरुणपणी कुठल्याशा प्रशिक्षणासाठी त्यांना सहा महिने स्पेनला पाठवलं होतं, भूमध्य समुद्राच्या बाजूला. तिथे त्यांना ही मोनास्ट्रेल भेटली. भेटली असंच ते म्हणायचे. पांढरी, दगडगोट्यांची जमीन, पाऊस नावाला, आणि त्यात ना मांडव ना तारा, गुडघ्याएवढी झुडपं करून वाढवलेल्या वेली. "आमच्या जतच्या माळासारखी जमीन हो. आणि त्यात ही बया खुशाल उभी." फ्रेंच लोक याच द्राक्षाला मूर्वेद्र म्हणतात आणि जगभर तेच नाव जास्त चालतं, हे ते नाइलाजाने कबूल करायचे. त्यांनी तिथून येऊन वडिलांच्या शेतात ही जात लावून पाहिली होती. बारीक मणी, जाड साल, आत बियाच बिया, खायला तुरट. बाजारात कोणी हात लावीना. एकदा सर परीक्षांच्या कामाला बाहेरगावी गेलेले असताना थोरल्या भावाने ती सगळी रोपं उपटून बांधावर टाकली. हे सांगताना ते भावाला कधी नावं ठेवत नसत. फक्त प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सगळं पुन्हा सांगत.

पंचेचाळिशीत नोकरी सोडून ते न्यूझीलंडला आले ते संशोधन करायला. पामर्स्टन नॉर्थला मुलाखती झाल्या. एकाने शिक्षण जास्त आहे म्हणून नाकारलं, दुसऱ्याने इथला अनुभव नाही म्हणून. शेवटी हॉक्स बेच्या ग्रॅहम नावाच्या वायनरीवाल्याला, द्राक्षाबद्दल इंग्रजीत बोलू शकेल असा कोणीतरी हवा होता, तर तिथे. सुनंदाताई एका रेस्ट होममध्ये म्हाताऱ्यांना उचलून-बसवून कंबर मोडून घेत होत्या, त्यामुळे नाही म्हणण्याची चैन सरांना परवडणारी नव्हती. दारूच्या दुकानात उभे राहता, असं सासरच्या कोणीतरी फोनवर म्हणालं, तेव्हा सर म्हणाले की मी द्राक्षाची नोकरी करतो, लोक पुढं त्याचं काय करतात ते त्यांच्यापाशी.

पुण्या-मुंबईहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला वायनरी बघायची असायचीच, त्यामुळे मी त्यांची ती सहल इतक्यांदा ऐकली की मलाही पाठ झाली होती. लोक यायचे ते ऊन खात बसून गार सोव्हिनाँ ब्लाँ प्यायला. सर त्यांना बसू द्यायचे नाहीत. ग्लास भरून हातात द्यायचे आणि सगळ्या लवाजम्याला घेऊन शेताच्या मागच्या टोकाला चालायला लागायचे. तिथे जुन्या नदीपात्राच्या गोट्यांवर ग्रॅहमच्या मागे लागून लागून मिळवलेल्या चार ओळी होत्या मोनास्ट्रेलच्या. त्या ओळींपुढे उभं राहून सर सांगत, की ही सगळ्यांच्या मागून पिकते, तिला लांबलचक उन्हाळा लागतो, ऊन अंगावर हवं आणि मुळाशी थोडी ओल. साल जाड, त्यामुळे वाईन काळीभोर आणि सुरुवातीला उग्र. धीर नसलेल्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. मग ते एखादी काडी हातात धरायचे, अगदी नाडी बघावी तशी, आणि म्हणायचे, "हिचा खरा गुण म्हणजे ही उशिरा उठते. बाकीच्या वेली वसंताची चाहूल लागली की डोळे उघडून बसतात आणि हिवाने मरतात. ही झोपून राहते."

एकदा ऑकलंडच्या एका बाईंनी विचारलं, की हे सगळं ठीक आहे, पण चवीला कशी असते? सरांनी शांतपणे सांगितलं की मला माहीत नाही, मी पीत नाही. बाईंना वाटलं विनोद आहे. त्या हसल्या, मग त्यांच्या मैत्रिणी हसल्या. सर हसले नाहीत तेव्हा सगळ्या आपापल्या ग्लासात बघायला लागल्या. अशा तक्रारी ग्रॅहमकडे जायच्या. तो 'स्वीट ॲज', म्हणजे चालायचंच, म्हणून सोडून द्यायचा. माणूस वाईट नव्हता. त्याला सर हे एक मजेशीर प्रकरण वाटायचं, एवढंच, आणि तेच मला सहन व्हायचं नाही.

त्यांच्या जेवणाचीही तऱ्हाच होती. डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, दिवस नऊपर्यंत रेंगाळतो, तेव्हा ते आमच्या बार्बेक्यूला सगळ्यांबरोबर मक्याची कणसं खात बसायचे, अगदी खुशीत. जूनमध्ये मात्र साडेचारला डबा उघडायचे, मग समोर गिऱ्हाईक असो की मालक. ग्रॅहम त्यावरून त्यांची थट्टा करायचा की तू तुझ्या वेलीसारखाच उन्हावर चालतोस. सरांना ती थट्टा आवडायची. त्यांना आवडलेली ती एकच थट्टा मला आठवते.

आता मुख्य दुखणं असं, की वेली फळावर आल्यानंतरच्या दोन्ही हंगामांत मोनास्ट्रेल काही पिकली नाही. रंग आला, साखर भरली, पण मे उजाडला, पाऊस लागला आणि बी हिरवंच. सगळ्या शेताची तोडणी होऊन गेलेली असायची आणि ह्या चार ओळी जाळीखाली एकट्याच लोंबकळत. दुसऱ्या वर्षी घड अखेर पक्ष्यांना सोडून द्यावे लागले. ग्रॅहमने सरांना बोलावून सांगितलं, आणखी एक हंगाम बघू. पिकली तर मागचा सगळा तुकडा हिचाच लावू आणि त्याची व्यवस्था तू बघ, गाईडगिरी बंद. नाही पिकली तर पुढच्या हिवाळ्यात ह्या खोडांवर सिरा नावाच्या द्राक्षाचं कलम करून टाकू.

सुनंदाताईंनीही तेव्हाच आपली मुदत सांगितली. त्यांचा भाऊ ऑकलंडला, मनुरेवात, डेअरी चालवत होता. डेअरी म्हणजे तिकडचं कोपऱ्यावरचं दुकान, दूध-पाव-लॉलीपॉपवालं. त्याला घरचं माणूस हवं होतं. त्या मला म्हणाल्या, "ह्यांचं एवढं वर्ष होऊ दे. नाहीतर मी माझी कंबर घेऊन जाते, हे येवोत नाहीतर इथंच झुडपाशेजारी बसोत." सरांपाशीही त्या हेच बोलल्या असणार, कारण त्या हिवाळ्यात सरांची चालच बदलली.

हिशोब सोपा होता. हंगामाच्या शेवटी पंधरा दिवस कमी पडत होते. ते शेवटी मिळत नसतील तर सुरुवातीला मिळवायचे. सांगली-नाशकाकडे ऑक्टोबरची छाटणी झाली की लगेच काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे मिटलेल्या कोंबांना, औषधाची पेस्ट लावतात. लहानपणापासून सर ते बघत आले होते. तिकडे वेल थंडीने झोपतच नाही, म्हणून तिला असं चोळून उठवावं लागतं आणि मग सगळे डोळे एकदम फुटतात. छाटणीपासून दिवस मोजायचे, बाग आज चाळीस दिवसांची, आज साठ दिवसांची, लहान मुलाचं वय सांगतात तसं. तेच औषध न्यूझीलंडमध्ये किवी फळाच्या बागांना मारतात. सरांनी ते एका किवीवाल्याकडून मिळवलं.

ऑगस्टच्या एका शनिवारी ते फार्मसीत आले, जाड हातमोजे आणि मुखपट्टी घ्यायला. कशासाठी ते कळल्यावर मी त्यांना सुनावलं. ते औषध अंगात गेलं आणि नंतर माणूस दारू प्यायला तर छाती धडधडते, जीव घाबरा होतो, हे आम्हाला शिकवलेलं असतं. सर हसले. मला वाटतं मी त्यांना इतकं मोकळं हसताना तेव्हाच पाहिलं. म्हणाले, "म्हणून तर. त्या अख्ख्या वायनरीत हे औषध बिनधास्त लावू शकेल असा माणूस मी एकटाच." त्यांना त्यात काहीतरी नियतीची योजना दिसत होती. आयुष्यभर पाळलेलं एकदाचं उपयोगी पडलं, असा चेहरा होता. ग्रॅहमला त्यांनी विचारलं होतं. त्याने, तुझ्या ओळी आहेत, तू बघ, असं सांगून खांदे उडवले होते.

ब्रश घेऊन एकेका डोळ्याला पेस्ट लावत त्यांनी तीन ओळी पुऱ्या केल्या. चौथी तशीच सोडली. प्राध्यापकाची सवय, तुलनेला काहीतरी कोरं ठेवायचं.

आणि मोनास्ट्रेल उठली. सप्टेंबर संपायच्या आत तिन्ही ओळींवर पोपटी फूट आली, एकसारखी, सांगलीकडच्या बागेत येते तशी. सर आम्हाला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. त्या दिवशी त्यांनी पाहुण्यांना नेहमीची सगळी माहिती सांगितली, फक्त उशिरा उठण्याचं वाक्य गाळलं. माझ्या ते लक्षात आलं, पण वाटलं, आता ते खरंच राहिलं नाही तर कशाला सांगतील.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हिव पडलं. पहाटे हेलिकॉप्टरांच्या आवाजाने मला जाग आली. तिकडे अशा पहाटे बागांवर हेलिकॉप्टर फिरवतात, वरची जरा उबदार हवा खाली ढकलायला. उजाडता उजाडता सुनंदाताईंचा फोन आला, की हे कधीचे निघून गेलेत, मला गाडी चालवता येत नाही, मला घेऊन चला. आम्ही पोचलो तेव्हा ग्रॅहमचं हेलिकॉप्टर शार्डोने द्राक्षाच्या तुकड्यावर घिरट्या घालत होतं. मागच्या टोकाला त्याने ते पाठवलं नव्हतं. का पाठवेल? शार्डोनेवर त्याची वायनरी चालत होती.

सर तिसऱ्या ओळीच्या टोकाला उभे होते. कालची पोपटी फूट काळी पडून, चहाच्या चोथ्यासारखी काड्यांना चिकटली होती. तिन्ही ओळी, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. ग्रॅहम आला, त्याने सरांच्या पाठीवर हात ठेवला आणि नशीबच वाईट, असं काहीतरी म्हणाला. सर त्याच्याकडे न बघता म्हणाले, "नॉट लक." ग्रॅहमला ते समजलं नाही. तो पुन्हा एकदा पाठ थोपटून शार्डोनेकडे गेला.

सुनंदाताई मात्र चौथ्या ओळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथे काहीच झालं नव्हतं. डोळे घट्ट मिटलेले, वर तपकिरी टोपी तशीच. त्यांनी एका डोळ्यावरून बोट फिरवलं आणि नवऱ्याला विचारलं, "अहो, हिला कसं काही झालं नाही?"

"ती झोपलेली आहे," सर म्हणाले.

मी दोघांना गाडीतून घरी सोडलं. घराशी आल्यावर सुनंदाताईंनी फक्त एवढंच विचारलं, की भावाला फोन करू ना? सरांनी मान डोलावली. मला वाटलं होतं त्या बाईंना सुटल्यासारखं होईल. पण दार उघडायच्या आतच त्या पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या, आणि सर किल्ली हातात धरून त्यांच्या शेजारी नुसते उभे राहिले. नाताळच्या आधी दोघांनी हेस्टिंग्ज सोडलं. ग्रॅहमने निरोपाला वाईनची पेटी दिली. इतक्या वर्षांत त्याला एवढंही कळलं नव्हतं. सरांनी ती पेटी जाताना आमच्या गॅरेजमध्ये ठेवली.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपेना. मे महिन्यातही लोक टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन समुद्रावर जात होते. पावसाचा पत्ता नव्हता. दोनेक वर्षांनी मी पुण्याच्या कोणा भाच्याला घेऊन त्या वायनरीत गेले तेव्हा एक हसरी मुलगी आम्हाला मागच्या टोकाला घेऊन गेली. तो सगळा तुकडा नव्या रोपांनी भरला होता. मुलीने सांगितलं, की ही सगळ्यांच्या मागून पिकते, ऊन अंगावर हवं आणि मुळाशी ओल, आणि हिचा खरा गुण म्हणजे ही उशिरा उठते. शब्द न् शब्द तोच. कुठे शिकलीस, असं विचारलं तर म्हणाली, आधीच्या गाईडने सांगितलं. त्याला कोणी सांगितलं ते तिला माहीत नव्हतं. मग तिने स्वतः एक घोट घेऊन चव कशी असते तेही सांगितलं.

ग्रॅहम भेटला. उरलेली एक ओळ तो विसरूनच गेला होता म्हणे, कलम करायला माणूस गेला तर घड काळेभोर लागलेले. पहिल्या वर्षी एकच पिंप निघालं. आता त्याच ओळीच्या काड्या लावून सगळा तुकडा केलाय. म्हाताऱ्याचं कसं काय चाललंय, असं त्याने मला विचारलं, आणि मी सांगायच्या आत त्याला फोन आला. मी त्या पहिल्या पिंपातली एक बाटली विकत घेतली. मला त्याच्याकडून ती फुकट नको होती.

मनुरेवाची ती डेअरी शाळेसमोर होती. काउंटरच्या मागे सर उभे होते. काटकुळे होतेच, आता खांदेही उतरले होते. मला पाहून 'या, या' म्हणाले आणि आत बसवून सुनंदाताईंना चहा टाकायला सांगितलं. कंबर कशी आहे, मुलं काय म्हणतात, असं बोलून झाल्यावर मी बाटली टेबलावर ठेवली आणि काय घडलं ते सांगितलं. चौथी ओळ, नवा तुकडा, सगळं. न सांगता नुसती बाटली ठेवून येणं मला जमलं नसतं.

सरांनी बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मग उठून त्यांनी स्वतः ती उघडली, स्टीलच्या पेल्यात थोडी ओतली आणि पेला नाकाशी नेला. सुनंदाताई चहाचं आधण सोडून बघत होत्या. सरांनी बराच वेळ वास घेतला आणि पेला माझ्यापुढे सरकवला.

"घ्या, आणि मला सांगा. बी पिकलं होतं का?"

मी घोट घेतला. मला वाईनमधलं फार कळत नाही. पण इतकी वर्षं त्यांचं ऐकून तुरट काय आणि कच्चं काय एवढं कळायला लागलं होतं. जाडसर, काळी, जिभेवर रेंगाळणारी चव होती आणि हिरवेपणा कुठे नव्हता.

"पिकलं होतं, सर."

त्यांनी मान हलवली. पेला घेऊन उरलेली वाईन सिंकमध्ये ओतली, पेला घासला, दोनदा विसळला आणि पालथा घातला.

"त्या ओळीला मी हात लावला नव्हता," ते म्हणाले.

बाहेर घंटी वाजली. शाळा सुटली होती. सर पदराने पुसावेत तसे शर्टाच्या टोकाला हात पुसत काउंटरवर गेले. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं. एक बाई फ्रीजमधली बिनबियांच्या द्राक्षांची पिशवी वर धरून विचारत होती, गोड आहेत का? सरांनी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. हो, गोड आहेत, असं सांगून त्यांनी ती बांधून दिली.